किल्ली साहेबाकडे आहे

लक्ष्मी रोडवर बॅग घ्यायला गेलो. अठ्ठावीस इंची, चार चाकांची, चारही चाकं चार दिशांना पळणारी. रंग बायकोनं निवडला. असा भडक केशरी, की विमानतळाच्या पट्ट्यावर लांबून ओळखू यावा आणि जवळून लाज वाटावी. किंमत दुकानदारानं ठरवली. मला काम उरलं कुलूप तपासायचं.

कुलूप बॅगेतच बसवलेलं. आकड्यांची तीन चाकं, शेजारी किल्लीचं इवलंसं भोक. आकडे जुळवले, उघडलं. फिरवले, बंद झालं. मग मी हात पुढे केला.

"किल्ली?"

"किल्ली नसते काका."

"भोक आहे की."

"भोक आहे. किल्ली नाही."

"हरवली?"

"कंपनीच देत नाही. ती अमेरिकेत असते. साहेबाकडे."

आजवर कुलूप घेतलं की दोन किल्ल्या मिळत आल्या. एक करगोट्याला नाहीतर खिशात, दुसरी देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे. इथे पैसे माझे, बॅग माझी, आत बनियनही माझे, आणि किल्ली सातासमुद्रापलीकडच्या सरकारची. दुकानात पैसे मोजून अपमान करून घ्यायची आम्हा पुणेकरांना सवय आहे. पण तो आजवर स्थानिक बनावटीचा असे. हा आयात केलेला होता.

भोकाशेजारी शंकरपाळ्याच्या आकाराची एक तांबडी खूण, आणि खाली कोरलेलं : टीएसए ००७. हा आकडा वाचून जो विनोद तुम्हाला सुचला तो मलाही सुचला होता. दोघंही तो इथेच सोडून देऊ.

टीएसए म्हणजे अमेरिकेचं ट्रान्सपोर्टेशन सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला, नोव्हेंबरात कायदा आला, त्यातून हे खातं जन्मलं. कायद्यानं सांगितलं : २००२ संपायच्या आत विमानाच्या पोटात जाणारी प्रत्येक बॅग स्फोटकांसाठी तपासली गेली पाहिजे. यंत्राला संशय आला तर बॅग उघडावी लागणार. कुलूप असलं तर तोडावं लागणार. म्हणून २००३ साल उजाडताच खात्यानं प्रवाशांना सरळ सांगून टाकलं, की बाबांनो, कुलपं लावूच नका.

मला हा प्रामाणिकपणा आवडला होता. पण माणसाला कुलपाशिवाय झोप येत नाही, आणि कुलूपवाल्यांना तर अजिबातच येत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्रॅव्हल सेंट्री नावाच्या कंपनीनं तोड काढली. प्रवाशानं कुलूप लावावं, तपासनिसाकडे मास्टर किल्ली असावी, त्याला ओळखू यावं म्हणून कुलपावर ते तांबडं शंकरपाळं असावं. सरकार खूष, दुकानदार खूष. तसा विचार वाईट नाही. दार फोडून घेण्यापेक्षा सोसायटीच्या वॉचमनकडे एक किल्ली ठेवलेली बरी, असं आपणही करतोच. फरक एवढाच, की वॉचमन ओळखीचा असतो आणि दिवाळीत त्याच्याकडे पाकीट पोचतं.

आपल्या मुंबईत लालबागला १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी कुलपं बनवायला घेतली. त्या काळी कुलपाची जाहिरात करायची तर सांगण्यासारखं एकच होतं : हे दुसऱ्या कुणाला उघडता येत नाही. सव्वाशे वर्षांत आपण इतकी प्रगती केली, की आता बॅगेवर अभिमानानं छापलेलं असतं, हे दुसऱ्याला सहज उघडता येतं. आणि त्याचे पैसे जास्त.

बरं, किल्ल्या तरी नीट सांभाळाव्यात की नाही?

२०१४ च्या नोव्हेंबरात 'वॉशिंग्टन पोस्ट'नं बॅगांचं पडद्याआड काय होतं यावर एक लेख छापला. लेख चांगला होता. सोबत फोटोही चांगला होता. फोटोत मास्टर किल्ल्यांचा अख्खा जुडगा, एकेका किल्लीचा दात न् दात स्पष्ट. कित्येक महिने कुणाचं लक्ष गेलं नाही. २०१५ च्या ऑगस्टात गेलं. सप्टेंबरात त्या फोटोवरून कुणीतरी किल्ल्यांचे आराखडे काढून इंटरनेटवर ठेवले, लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकच्या किल्ल्या छापल्या, आणि कुलपं उघडली. हसत हसत उघडली, व्हिडिओ काढून उघडली. दुसऱ्या एका कंपनीची कुलपं या फोटोतून वाचली होती. पुढच्या वर्षी काही हॅकर मंडळींनी फोटोबिटो न लागता, नुसती बाजारातली कुलपं खोलून, त्यांचीही किल्ली बनवली आणि न्यूयॉर्कच्या संमेलनात जाहीर केली.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊ नयेत, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. किल्ल्यांचा फोटो देऊ नये, हे म्हणीत घालायचं राहून गेलं.

यावर टीएसएनं काय म्हणावं? घाबरू नका, म्हणाले. यानं विमानाच्या सुरक्षिततेला काही धक्का नाही. ही कुलपं आमच्या सुरक्षाव्यवस्थेचा भाग नाहीतच मुळी. ती प्रवाशाच्या मनःशांतीची वस्तू आहे.

मनःशांतीची वस्तू! माझी आई यासाठी स्फटिकाची माळ वापरायची. तिलाही किल्ली नव्हती.

आणि खरं बोलायचं तर किल्लीची गरजच कुणाला आहे? कापडी बॅगेला चेन असते. चेनीचे दोन्ही पतंग कुलपात अडकवून आपण निश्चिंत होतो. चेनीच्या दातांत साधं बॉलपेन खुपसलं की ती मधूनच उसवते. काम झालं की पतंग कुलपासकट इकडून तिकडे सरकवायचे, चेन पुन्हा शहाण्यासारखी मिटते. कुलूप तिथेच. वाड्याच्या दिंडीदरवाजात राखण करत बसलेल्या कुत्र्यासारखं, आणि चोर मागच्या परसातून जाऊन आला. आकड्यांचंही तेच. तीन चाकं म्हणजे ००० पासून ९९९ पर्यंत हजार शक्यता. एकेकीला दोन सेकंद धरा, फार तर चौतीस मिनिटं. आपली बॅग पट्ट्यावर यायला कित्येकदा याहून जास्त वेळ लागतो. आणि चोरही काही ००० पासून सुरुवात करून पुढे जात नाही. ०००, १२३, ७८६ एवढ्यावर निम्म्या महाराष्ट्राच्या बॅगा उघडतील असा माझा अंदाज आहे. माझी उघडेल.

अमेरिकेत खरंखुरं, फक्त मालकालाच उघडता येईल असं कुलूप लावायची एकाला मुभा आहे, नव्हे, सक्ती आहे. कुणाला? बंदूकवाल्याला. बंदूक विमानातून न्यायची तर ती रिकामी, कठीण कवचाच्या पेटीत, पेटीला कुलूप, तशी काउंटरवर नोंद, आणि किल्ली किंवा आकडा फक्त प्रवाशाकडे. बॅगेत शालू असेल तर किल्ली सरकारकडे, बंदूक असेल तर तुमच्याकडे. यातली गंमत तिथल्या फोटोग्राफर लोकांनी कधीच ओळखली. महागडे कॅमेरे ज्या पेटीत, त्याच पेटीत शर्यत सुरू करताना उडवतात ते खोटं पिस्तूल टाकायचं. नियमानं तेही शस्त्रच. मग पेटीला भरभक्कम कुलूप, आणि पेटी हरवू नये म्हणून यंत्रणाही डोळ्यांत तेल घालून बसलेली. ही युक्ती मी घरी सांगितली. "आपण काय ठेवायचं मग?" असं विचारून बायको विळीकडे बघू लागली. विषय बदलला.

एक गोष्ट मात्र थट्टेच्या बाहेर ठेवतो. २३ जून १९८५. एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब एका बॅगेत होता. बॅग व्हँकूव्हरला चढवली गेली, तिचा मालक चढलाच नाही. टोरांटोत 'कनिष्क'च्या बॅगा एक्स-रे यंत्रातून काढत असताना यंत्र बिघडलं, म्हणून उरलेल्यांवरून हातातलं एक वास घेणारं यंत्र फिरवण्यात आलं. बॅग उघडून बघणारं कुणी त्या दिवशी असतं तर, हा विचार ज्याच्या मनात एकदा आला तो आपल्या केशरी बॅगेचं कुलूप तुटल्यावर फार आरडाओरडा करत नाही. थोडाच करतो.

माझं तुटलं आहे, जुन्या बॅगेचं. कुठल्या विमानतळावर ते राहू द्या, आपल्याच देशात. आपल्याकडे बॅगेत काही खटकलं तर शक्यतो मालकाला बोलावून त्याच्यासमोर उघडतात. ध्वनिक्षेपकावरून माझं आडनाव पुकारलं गेलं, तेही असं की गोत्रजांनाही कळू नये. पळत गेलो. एका बिनखिडकीच्या खोलीत माझी बॅग जाबजबाबासाठी आडवी पाडलेली.

"पॉवर बँक आहे आत."

"नाही."

पडद्यावर दाखवली. होती. जावयानं दिलेली, मोज्यात गुंडाळलेली. लिथियमची सुटी बॅटरी विमानाच्या पोटात चालत नाही. पेटली तर तिथे विझवायला कोण जाणार? केबिनमध्ये निदान डोळ्यांसमोर असते. नियम बिनतोड. "उघडा" म्हणाले. मी आकडा लावला. उघडेना. बायकोचा वाढदिवस लावला. लग्नाची तारीख लावली. घराचा नंबर लावला. मागे उभा असलेला मुलगा पक्कड घेऊनच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर घाई नव्हती; रोज पाचपंचवीस लग्नांच्या तारखा बघणाऱ्याची एक शांतता होती. शेवटी मीच म्हटलं, तोड बाबा. कुलूप खाऱ्या दाण्यासारखं फुटलं. विमानात बसल्यावर आठवलं, आकडा बायकोनं ठेवला होता. तिच्या आईचा वाढदिवस.

पॉवर बँकेचं एकवेळ कळतं. मराठी माणसाला खरा धक्का बसतो तो खोबऱ्याच्या वाटीनं. सुकं खोबरं धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. त्याला क्रमांक आहे, १३६३, आणि वर्ग आहे, आपोआप तापून पेटू शकणाऱ्या पदार्थांचा. तेल भरपूर, म्हणून. ओटी भरायची वाटी, पूजेच्या ताटातली वाटी, आपण पिढ्यान् पिढ्या देवासमोर स्फोटकं मांडत आलो आणि निरांजनही शेजारीच ठेवत आलो. ही बातमी मी घरी दिली तेव्हा अमेरिकेला न्यायचे डिंकाचे लाडू वळणं चालू होतं. लेकीचं बाळंतपण. बायकोचा हात परातीत थांबला.

"किसलेलं, भाजून लाडवात घातलेलं चालतं का?"

मी म्हटलं, विचारू नकोस. आपल्याकडे विचारलं की नियम तयार होतो.

त्या लाडवांचं पुढे काय झालं ते सांगणार आहे. आधी चोरांचं संपवतो.

२००८ साली न्यूअर्कच्या विमानतळावर बॅगा तपासणारा एक टीएसएचा माणूस पकडला गेला. मोठाले कॅमेरे उचलून तो इंटरनेटवरच्या लिलावात विकत असे. एका वृत्तवाहिनीचा कॅमेरा विकायला काढला आणि तिथे सापडला. तीन वर्षं आत गेला. त्याला थ्रीडी प्रिंटर लागला नव्हता, बॉलपेनही नाही. कुंपणानंच शेत खायचं ठरवलं की तांबडं शंकरपाळं म्हणजे फक्त फाटक कुठे आहे याची पाटी. सगळे तपासनीस असे नसतात हे उघड आहे. पण कुलूप नेमकं कुणाला अडवतं, याचा हिशेब मांडायला बसलं की अडचण होते. चोराला पेन आहे, तपासनिसाला किल्ली आहे, हमालाच्या हातून बॅग पडली की कुलूप आपणहून उघडतंच. अडतो तो मालक, आकडा विसरलेला.

नुकसानभरपाई? आहे ना. मॉन्ट्रिअलचा १९९९ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतही त्यात आहे. परदेश प्रवासात बॅग हरवली, फुटली, तर विमान कंपनीची जबाबदारी माणशी १,५१९ एसडीआरपर्यंत. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी चलन. ते कुणाच्याही पाकिटात नसतं, त्यामुळे चोरीलाही जात नाही. हा आकडा २०२४ च्या डिसेंबरअखेर वाढवला, आधी १,२८८ होता. बॅग फुटली असेल तर सात दिवसांत लेखी तक्रार करा. दागिने होते म्हणालात तर तिकिटामागच्या बारीक अक्षरांत कंपनीनं आधीच लिहून ठेवलेलं असतं, की दागिने बॅगेत ठेवायचे नव्हते. आणि अमेरिकेत तपासनिसानं कुलूप तोडलं असेल तर आत छापील चिठ्ठी मिळते : तपासणीसाठी उघडावं लागलं, त्याचा आम्हाला मनापासून खेद आहे, कुलपाच्या नुकसानीला आम्ही जबाबदार नाही. पुण्यातल्या कुठल्याही दुकानाच्या पाटीवर शोभेल असा मजकूर. फक्त खेद काढला पाहिजे.

विमानतळावर बॅगेला प्लास्टिक गुंडाळून देणारी यंत्रं असतात, तिथेही मी उभा राहिलो होतो. बॅग गोल गोल फिरते आणि तिचा बघता बघता कोश होतो. अमेरिकेत तपासायची झाली तर ते कापणार, आणि पुन्हा गुंडाळून द्यायला तिथे कुणी बसलेलं नाही. भाव ऐकला आणि परत फिरलो.

शेवटी बायकोनं तिच्या पद्धतीनं सोडवलं. केशरी बॅगेचं साहेबी कुलूप ००० वर उघडं ठेवलं आणि दोन्ही पतंगांच्या भोकांतून परकराची पांढरी नाडी ओवून निरगाठ मारली. तिची स्वतःची एक गाठ आहे. पापडाचे डबे, लोणच्याच्या बरणीचा दादरा, गणपतीचं मखर, सगळीकडे तीच. चाळीस वर्षांत मला सुटलेली नाही. मी म्हटलं, लोक हसतील. ती म्हणाली, "हसू देत. कुणी उघडली तर मला कळेल. तुमच्या कुलपाला कळतं का?"

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

मुंबईहून न्यूअर्क, तिथून पिट्सबर्ग. न्यूअर्कला उतरून बॅगा घ्यायच्या, कस्टमसमोरून न्यायच्या आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा पट्ट्यावर द्यायच्या. खायचे पदार्थ आहेत असं आधीच सांगून टाकलं. तिथे बीगल जातीची एक लहानखुरी कुत्री फिरत होती, आंबे नाहीतर मांस कुणी आणलं आहे का ते हुंगत. आमच्या बॅगेपाशी ती जरा रेंगाळली, शेपूट हलवली आणि गेली. बायकोचा चेहरा फुलला.

पिट्सबर्गला केशरी बॅग पट्ट्यावरून आली. नाडी होती. पण बुटाची बांधतात तशी, दोन कान काढलेली सुरगाठ.

"ही माझी गाठ नव्हे," बायको तिथेच म्हणाली.

लेकीच्या घरी बॅग उघडली. वरच ती छापील चिठ्ठी. पक्कड लागली नव्हती, किल्ली लागली नव्हती. चाळीस वर्षांत मला न सुटलेली गाठ कुणीतरी बसून नखांनी सोडवली होती. कारणही दिसत होतं. लाडवांचा स्टीलचा डबा जागचा हलला होता, आणि झाकण उलटं बसवलं होतं. तिथली यंत्रं आतल्या वस्तूंची घनता मोजतात. घट्ट, चिकट, तुपकट खाऊ आणि स्फोटकं यांच्या घनतेत त्यांची गल्लत होते. पीनट बटरपासून चॉकलेटपर्यंत पुष्कळ पदार्थ असे नाहक संशयात सापडतात. त्यात डिंकाचा लाडू, आमच्या घरचा. वरून गोल आणि ओळीनं मांडलेला. कुठल्याही यंत्राला घाम फुटावा.

बायकोनं डबा मांडीवर घेतला आणि मोजायला सुरुवात केली. जावई हसत होते, लेक "आई, राहू दे गं" म्हणत होती. निघताना एक्केचाळीस होते. पुन्हा मोजले. एक्केचाळीसच.

मी म्हटलं, बघ, चोर नव्हता बिचारा.

तिनं झाकण सुलटं बसवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढी गाठ सोडवली मेल्यानं. एक खाऊन तरी बघायचा."